प्रियाराधन : शब्द, व्यवहार आणि न सुटलेले प्रश्न

आजच्या मराठीत 'प्रियाराधन' हा शब्द सर्वांत निःशंकपणे वापरला जातो तो पक्ष्यांबद्दल. विणीचा हंगाम आला की सुगरणीचा नर, सारसाची जोडी, माळरानावर उड्या घेणारा तणमोर यांच्या प्रियाराधनावर लेख येतात. दुसरे ठिकाण राजकीय बातम्यांचे. निवडणूक जवळ आली की एखादा पक्ष एखाद्या समाजाचे प्रियाराधन करू लागतो. तिसरे नाट्य आणि काव्यसमीक्षेचे. प्रत्यक्ष प्रेमात पडलेले कोणी मात्र आपण प्रियाराधन करत आहोत असे म्हणत नाही. मुलगा स्वतः म्हणतो, 'तिला विचारणार आहे.' त्याचे मित्र म्हणतात, 'पटवतोय.' मुलीच्या घरचे म्हणतात, 'मागे लागलाय.' आणि गोष्ट पोलिसांपर्यंत गेली तर कागदावर 'पाठलाग' उमटतो. कृती एकच असू शकते, पण शब्द निवडताना प्रत्येकाने आपला निकाल देऊन टाकलेला असतो. गेल्या चाळीसेक वर्षांत या शब्दांवर आणि त्यांच्या मागच्या व्यवहारावर मराठीत बरीच चर्चा झाली आहे. ती कुठून आली आणि कुठे थांबली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्दाची घडण

'प्रियाराधन' हा समास दोन रीतींनी सुटतो : प्रियेचे आराधन किंवा प्रियाचे आराधन. संधी दोन्हीकडे सारखाच होतो, त्यामुळे कोण कोणाची मनधरणी करत आहे हे शब्द सांगत नाही. तरी तो कानावर पडताच पुरुष आर्जव करतो आणि स्त्री ऐकते, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. प्रियाच्या आराधनाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे शिवासाठी तप करणारी पार्वती. भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या हरितालिकेच्या कथेत वडिलांनी विष्णूशी ठरवलेले लग्न पार्वतीला नको असते, आणि तिची सखी तिला अरण्यात घेऊन जाते. मुलीची पसंती, तिचा नकार आणि तिने स्वतः घेतलेला ध्यास अशा तिन्ही गोष्टी या कथेत आहेत, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत ती दरवर्षी वाचली जाते.

'आराधन' हा शब्द देवघरातला. आराधना केली म्हणून देवावर हक्क सांगता येत नाही, तो प्रसन्न होईल किंवा होणार नाही. पण पुराणांत याच्या उलटही आढळते : तप पुरेसे कठोर असेल तर वर द्यावाच लागतो, मग मागणारा असुर का असेना. दोन्ही छटा प्रेमाच्या व्यवहारात उतरल्या आहेत. पहिलीतून अदब येते. दुसरीतून 'मी इतके केले, आता तिने हो म्हणायलाच हवे' ही समजूत येते, आणि पुढचे बहुतेक वाद या समजुतीभोवती आहेत.

'अनुनय' या शेजारच्या शब्दाचा प्रवास याहून बोलका आहे. संस्कृत काव्यशास्त्रात तो रुसलेल्या प्रियेची समजूत घालण्यासाठी येतो. धनंजयाच्या 'दशरूपक'मध्ये आणि पुढे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण'मध्ये मान, म्हणजे प्रियेचा रुसवा, घालवण्याचे सहा उपाय दिले आहेत : साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर. यातले पहिले तीन सरळ राजनीतीतून उचललेले आहेत. राजनीतीतला चौथा उपाय दंड. तो इथे गाळला आहे आणि त्याच्या जागी नती, म्हणजे पायांवर लोटांगण, आली आहे. माझ्या मते या सगळ्या परंपरेतला हा सर्वांत महत्त्वाचा फेरफार आहे. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. हे उपाय आधीच परस्परांवर अनुरक्त असलेल्या जोडप्यासाठी सांगितले आहेत. तिथला नकार हा रुसवा असतो, कारण होकार पूर्वीच झालेला असतो. अनोळखी मुलीचा नकारही रुसवाच समजून वागणे हे शास्त्रात नाही. ते नंतरच्या लोकव्यवहारात आणि सिनेमात आले. 'अनुनय' आज मराठीत जवळजवळ फक्त राजकारणात उरला आहे, आणि तिथे तो आरोप म्हणून वापरतात.

ग्रंथांतली साक्ष

जुनी परंपरा हळुवार होती असे काहीजण सांगतात, तर काहीजण ती पुरुषी बळजोरीचीच होती असे म्हणतात. पुरावा दोघांनाही मिळतो.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातले तिसरे अधिकरण कन्येची प्राप्ती आणि विवाह यांविषयी आहे. त्यात कन्येचा विश्वास मिळवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. विवाह झाल्यावरही घाई करू नये, बळ वापरू नये, विश्वास बसल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे ते स्पष्ट सांगते. मुलीने आपल्या पसंतीच्या पुरुषाला कसे वळवावे, याचाही विचार त्याच अधिकरणात आहे. आणि त्याच अधिकरणाच्या शेवटी मुलीला गुंगी आणून किंवा पळवून नेऊन केलेल्या विवाहांचे वर्णनही येते. कोणत्याही एका बाजूने हा ग्रंथ पूर्णपणे आपल्या पदरात घालून घेता येत नाही.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'मध्ये फरक फार ठळक आहे. पहिल्या अंकात राजाचा मेहुणा शकार भर रस्त्यात वसंतसेनेचा पाठलाग करतो. तो स्वतःला प्रेमिक समजतो, दागिने पाठवतो, आणि नकार ऐकून चवताळतो. आठव्या अंकात तो तिचा गळा दाबतो. वसंतसेनेचे मन जडलेले असते ते निर्धन चारुदत्तावर, आणि त्याच्याकडे ती स्वतः जाते. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षकांनी शकाराला हसून घेतले. आजच्या नजरेने पाहिले तर शकार हे 'एकतर्फी प्रेमा'चे आपल्या साहित्यातले जुने आणि अचूक चित्र आहे.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या ठेव्यात सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' येते. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये ती मराठी वाचकांसमोर विस्तृत विवेचनासह ठेवली. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांपैकी कित्येक स्त्रीच्या तोंडी आहेत. ती सखीशी बोलते, दूतीला निरोप देते, वाटसरूला सूचक शब्दांत थांबायला सांगते. मराठीच्या आरंभकाळात महदंबेचे 'धवळे' आणि नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' येते, सोळाव्या शतकात एकनाथांचे. तिन्ही रचना विदर्भकन्या रुक्मिणीच्या विवाहाच्या आहेत, आणि मूळ कथेत पहिले पाऊल तिचेच आहे. भावाने ठरवलेला शिशुपाल नको म्हणून ती ब्राह्मणाहाती कृष्णाला पत्र पाठवते आणि आपल्याला न्यायला बोलावते. 'हरण' हा शब्द वरून दिसणारा. आत निमंत्रण आहे.

तमाशातली गौळण याच्या उलट दिशेला जाते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवणे, दही-दुधाचा वाटा मागणे, शब्दाला शब्द लावणे हा तिचा प्राण. मावशी आणि गवळणी तोडीस तोड उत्तर देतात, म्हणून तो खेळ होतो. पण वाट अडवण्याची ही लकब रंगमंचावरून खाली उतरली, की समोरच्या मुलीला मावशीचे संरक्षण नसते आणि प्रत्युत्तराची मुभाही नसते. छेडछाडीला गमतीचे रूप देणाऱ्या समजुतींमध्ये या संकेताचा वाटा आहे, असे अभ्यासकांपैकी काहींचे म्हणणे आहे. ते पुरते सिद्ध झालेले नाही, पण टाळण्यासारखेही नाही.

१८८२ नंतर

एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरांत प्रियाराधनाला जागाच नव्हती. लग्ने बालपणी होत. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला आणि त्याने वय दहावरून बारावर नेले, त्यावरही केवढे वादळ उठले. शारदा कायदा १९२९ चा. त्याने मुलीसाठी चौदा वर्षे ठरवली. ज्या समाजात मुलगी जाणती होण्याआधीच तिचा संसार ठरतो, तिथे मनधरणी करायची कुणाची?

म्हणून ती रंगभूमीवर गेली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि अर्जुन-सुभद्रेच्या ओढीत प्रेक्षकांनी आपल्या आयुष्यात नसलेले काहीतरी पाहिले. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' निघाले. गोड बोलून स्त्रीला नादी लावणारा आणि पुढे तिला वाऱ्यावर सोडून देणारा पुरुष हा त्यांच्या रोखठोक हल्ल्याचा एक विषय होता. नाटकात आर्जवाचे माधुर्य, पुस्तकात आर्जवाची किंमत कोण मोजते हा सवाल. दोन्ही एकाच वर्षी. आजही या चर्चेचे दोन काठ हेच आहेत.

पुढे मुली महाविद्यालयांत आल्या. रविकिरण मंडळाची प्रेमकविता आणि ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या यांनी शिकलेल्या तरुणांना प्रेमाची भाषा दिली, तर र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून स्त्रीच्या इच्छेविषयी आडपडदा न ठेवता लिहिले. पण लग्न ठरवण्याची रूढ पद्धत 'दाखवण्या'चीच राहिली. मुलीने पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचे आणि तासाभरात जन्माचा निर्णय व्हायचा.

बोलीतले शब्द

इथे थोडे थांबायला हवे, कारण वाद प्रत्यक्षात याच शब्दांवर आहे.

'पटवणे' हे 'पटणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप. 'आमचं पटतं' यात दोघे समान आहेत. 'मला पटलं' यात माझी बुद्धी जागी आहे. 'पटवणे' म्हटले की एक करणारा आणि एक जिच्यावर केले जाते ती. हेच क्रियापद अधिकाऱ्याला पटवण्यासाठी, गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी चालते, आणि त्यात थोड्या चलाखीची छटा असतेच. 'पोरगी पटली' या वाक्यात व्याकरणाने कर्ता पोरगी आहे, पण बोलणाऱ्याच्या मनात श्रेय पटवणाऱ्याचे असते.

'लाइन मारणे' याला 'लाइन देणे' असा जोड आहे. समोरून प्रतिसाद मिळतो की नाही, याची नोंद घेणारा हा बोलीतला शब्द आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्याउलट 'मागे लागणे', 'पिच्छा पुरवणे', 'लगट करणे' यांत प्रतिसादाला वाव नाही. 'मागणी घालणे' हा घराचा शब्द. मागणी बापाकडे घातली जाते. 'प्रपोज करणे' (कॉलेजात 'प्रपोज मारणे') मुलीकडे थेट जाते. आणि 'जमलं' हा शब्द मला या सगळ्यांत सर्वांत न्याय्य वाटतो. 'त्यांचं जमलं' यात कोणी कोणाला जमवलेले नसते.

या साठ्यात पुढाकार घेणाऱ्या मुलीसाठी आदराचा शब्द जवळजवळ नाही. तीच कृती तिने केली तर 'आगाऊ', 'गळेपडू', 'जाळ्यात ओढणारी' असे शब्द मिळतात. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' या चित्रपटातली (२०१६) आर्ची स्वतः पुढे होते, टक लावून बघणाऱ्या पोरांना जाब विचारते, आणि महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतले. त्यामुळे बोलीत नवा शब्द आला का? अजून तरी नाही.

मतमतांतरे

पहिली भूमिका प्रियाराधनाच्या बाजूची आहे. खेळकर आर्जव, सूचकता, वाट पाहणे हा माणसाच्या संस्कृतीचा भाग आहे. तो काढून टाकला तर उरतील पोह्यांच्या बश्या आणि विवाहसंस्थांच्या जाहिराती. या बाजूचे लोक सांगतात, की ज्या समाजात मुलामुलींना मोकळे बोलता येत नाही, तिथेच मुलगा दुरून बघत राहतो आणि शिट्टी मारतो. बोलायला जागा मिळाली की शिट्टीची गरज संपते. हे म्हणणे सहज बाजूला सारता येणार नाही.

दुसरी भूमिका स्त्रीचळवळीची. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले, आणि महाराष्ट्र हादरला. तीस वर्षांनी, २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवले गेले. दोन्ही वेळा बातम्यांतून 'एकतर्फी प्रेम' हे शब्द फिरले. चळवळीचा आक्षेप असा, की नकारानंतर जे उरते त्याला प्रेम म्हणणे हीच हल्लेखोराला दिलेली सवलत आहे. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'ने आणि १९९३ पासून मुलग्यांमध्ये काम करणाऱ्या 'मावा' या मुंबईच्या संस्थेने हा विषय पुरुषत्वाच्या घडणीशी नेऊन जोडला : मुलग्याला नकार ऐकायला कोणी शिकवतच नाही. 'मुलीचा नकार म्हणजे लाजरा होकार' ही समजूत सिनेमाने पोसली, असेही या बाजूचे म्हणणे आहे. पहिल्या भूमिकेतले लोक यावर उत्तर देतात, की काही मुलग्यांच्या क्रौर्यासाठी सगळ्या आर्जवाला दोषी धरू नये. दोघांमधला खरा मतभेद दिसतो त्याहून लहान आहे. क्रौर्याचे समर्थन कोणीच करत नाही. मतभेद आहे तो पहिल्या आणि दुसऱ्या नकाराच्या मधल्या जागेवर.

तिसरी बाजू जातीची, आणि ती पहिल्या दोन्हींना प्रश्न विचारते. आर्जव करण्याची मुभा मुळात कोणाला आहे? मंजुळे यांच्याच 'फँड्री'तला (२०१३) जब्या शालूशी नीट बोलूही शकत नाही. तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की मुलगी वश होते असे त्याने ऐकलेले असते. त्याला शब्दच नाकारलेले आहेत, म्हणून त्याच्या हाती वशीकरण उरते. सिनेमाबाहेर २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा राग हे कारण तेव्हा पुढे आले, आणि खटल्यातले आरोपी पुढे सुटले. ज्याला 'छेड काढली' म्हणून ठोकून काढले जाते, त्याने खरोखर छेड काढली होती की फक्त बोलला होता, हे जातीवर ठरत असेल, तर मुलीच्या संरक्षणाची भाषाही जपून वापरावी लागते. धर्म आडवा आला की हेच होते. राज्य सरकारने २०२२ च्या डिसेंबरात आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. पाठीराख्यांनी तिला मुलींचा आधार म्हटले, विरोधकांनी प्रौढांच्या निवडीवरची पाळत.

सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजाराची गोष्टही इथेच येते. होळीआधीच्या या बाजारात तरुण-तरुणी जोडीदार निवडून पळून जातात, असे वर्णन बाहेरचे लेखक आणि प्रसारमाध्यमे हौसेने करतात. आदिवासी कार्यकर्त्यांचा त्याला विरोध आहे. हा सणाच्या खरेदीचा बाजार आहे, असे ते सांगतात. दुसऱ्यांच्या प्रेमाविषयी लिहिताना आपली स्वप्ने त्यांच्यावर लादली जातात, हे त्या वर्णनांतून दिसते.

कायद्याने ओढलेली रेघ

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आले. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही पुरुष तिच्या मागे जाऊन पुन्हा पुन्हा संपर्क साधत असेल, किंवा इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवत असेल, तर तो पाठलाग. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. विचारणे हा गुन्हा नाही, ही या व्याख्येची जमेची बाजू. तिने सगळा भार 'पुन्हा पुन्हा' आणि 'स्पष्ट' या दोन शब्दांवर ठेवला आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे तीन निकाल शेजारी ठेवले तर हा भार जाणवतो. विवाहित स्त्रीच्या अंगावर प्रेमाची चिठ्ठी फेकणे हा तिच्या विनयाचा भंग आहे, असे २०२१ च्या निकालात म्हटले. दुसऱ्या एका निकालात एकदाच मागे जाण्याला पाठलाग म्हणता येणार नाही असे ठरले. आणि नुसते 'आय लव्ह यू' म्हणण्यात लैंगिक हेतू आपोआप सिद्ध होत नाही, असे २०२५ मध्ये सांगितले गेले. प्रत्येक निकाल आपापल्या वस्तुस्थितीवर उभा आहे, त्यांना एका सूत्रात ओवण्याची घाई करू नये. पण रेघ कुठे आहे हे रस्त्यावरच्या मुलाला किंवा मुलीला त्यांवरून सहज कळेल, असेही नाही.

अजून न सुटलेले

वयाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी परस्परसंमतीने केलेले प्रेमही खटल्यात सापडते, आणि तक्रार बहुधा मुलीचे आईवडील करतात. विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नये असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंह यांनी ते सोळा करण्याची मागणी मांडली आणि केंद्र सरकारने तिला विरोध केला. दोन्ही बाजूंना मुलींच्याच हिताची काळजी आहे, म्हणून हा वाद इतका पेचाचा झाला आहे.

वृत्तपत्रांचा प्रश्न त्या मानाने सोपा वाटतो, तरी तो सुटलेला नाही. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' याऐवजी 'नकाराच्या रागातून हल्ला' असे लिहायला जागाही जास्त लागत नाही. संपादकांनी हा बदल केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने हल्ले थांबतील असा माझा दावा नाही. पण हल्ल्याचे कारण मुलीने प्रेम दिले नाही हे नसून त्याला नकार सोसला नाही हे आहे, एवढे तरी वाचकाला बरोबर कळेल.

पक्षी अभ्यासकांच्या लिखाणात एक गोष्ट आपोआप येते, जी आपल्या प्रेमकथांत क्वचित येते. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो आणि मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले तर तो ते पुरे करतो, नाही तर दुसरे विणायला घेतो. इथे 'प्रियाराधन' या शब्दाच्या अर्थातच तिची तपासणी धरलेली आहे. माणसांच्या बाबतीत तोच शब्द वापरताना आपण तो अर्धा भाग विसरतो.

आणि आता मोबाइल. संदेश पोहोचला, वाचला गेला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. हे मौन म्हणजे स्पष्ट अनिच्छा का? तीन दिवसांनी पुन्हा लिहिले तर ते आर्जव की पिच्छा? तिने क्रमांक ब्लॉक केल्यावर दुसऱ्या क्रमांकावरून लिहिले, तर शंकेला जागा नाही. त्याच्या अलीकडच्या जागेसाठी मात्र न्यायालयांकडे अजून पक्का निकष नाही, शाळा-महाविद्यालयांच्या समित्या प्रत्येक तक्रार वेगळ्या मापाने मोजतात, आणि मुले एकमेकांना विचारून आपापले नियम ठरवत आहेत. तिथे चालणारी भाषा मराठीत नीट नोंदवण्याचे काम कोणी तरी हाती घ्यायला हवे.